सांधा का उघडतो : प्रीक्युअर ट्रेडच्या उत्पादनातील सुधारणेचे एक प्रकरण

ट्रकचा किंवा बसचा टायर गोटा झाला म्हणजे तो संपला असे होत नाही. झिजतो तो रस्त्याला टेकणारा वरचा थर. त्याखालचा सांगाडा, ज्याला धंद्यात केसिंग म्हणतात, तो धड असेल तर त्यावर नवा थर चढवून टायर पुन्हा वापरात आणता येतो. या कामाच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत केसिंगवर कच्चे रबर चढवून संपूर्ण टायर गरम साच्यात घालतात, आणि नक्षी उमटणे व रबर शिजणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तिथे होतात. दुसऱ्या रीतीत नक्षीसह आधीच शिजवलेला रबराचा लांब पट्टा, म्हणजे प्रीक्युअर ट्रेड, कारखान्यातून तयार येतो. रिमोल्डिंगवाला बफिंग केलेल्या, म्हणजे घासून खरखरीत केलेल्या, केसिंगवर कुशन गमचा पातळ कच्चा थर देऊन त्यावर हा पट्टा गुंडाळतो, सांधा जुळवतो, वरून रबरी एन्व्हलप चढवतो आणि टायर चेंबरमध्ये ठेवतो; तिथे साधारण 100 ते 125 अंश सेल्सिअस तापमानात आणि दाबाखाली काही तासांत मधला कुशन गम शिजून पट्टा व केसिंग एकजीव होतात. जर्मनीतील बर्नार्ड अँटोन नोवाक यांनी विकसित केलेल्या या रीतीचे हक्क मिळवून रॉय कार्व्हर यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मस्कटीन येथे बँडॅग ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे 2007 मध्ये ती ब्रिजस्टोनने विकत घेतली. आज आपल्याकडच्या अवजड वाहनांच्या रिमोल्डिंगमध्ये याच रीतीचा मोठा वाटा आहे.

या रीतीत कामाची जबाबदारी दोन ठिकाणी विभागली जाते. पट्टा एका कारखान्यात बनतो आणि तो चढतो दुसऱ्याच ठिकाणी, बहुधा शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या शेडमध्ये. टायर रस्त्यावर फसला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि दाखवतातही. पुढील प्रकरण त्यातूनच उभे राहिले.

पश्चिम महाराष्ट्रातील एक मध्यम आकाराचा ट्रेड रबर कारखाना यात आहे. त्याचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून त्याच जातीच्या इतर कारखान्यांत नेहमी आढळणारे काही तपशील यात एकत्र केले आहेत. मात्र दोषांची कारणे आणि त्यांवरचे उपाय असे आहेत की सपाट साच्यावर ट्रेड बनवणाऱ्या कोणालाही ते आपल्या प्रेसवर पडताळून पाहता यावेत.

तक्रारी कशा होत्या

कारखान्याचे बरेचसे ग्राहक ऊसपट्ट्यातील रिमोल्डिंगवाले होते. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की ऊस वाहणारे ट्रक शेतातल्या चाकोरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत भरलेल्या अवस्थेत फिरत राहतात. दगडगोटे, खोल चाकोऱ्या आणि क्षमतेहून जास्त भार हे सगळे टायरच्या वाट्याला येते. या काळात परत येणाऱ्या टायरांत तीन दोष पुन्हा पुन्हा दिसत. काहींचा सांधा वरच्या बाजूने उघडलेला असे, काहींची खांद्याजवळची कड केसिंगवरून उचललेली असे, आणि काहींच्या नक्षीतल्या गुट्ट्या, म्हणजे उंच ठोकळे, एखाद्या हातभर भागातच तुटलेल्या असत, बाकी टायर मात्र साबूत.

सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. एकाच रोलमधून कापलेल्या पट्ट्यांपैकी एक टायर पूर्ण झिजेपर्यंत बिनतक्रार चाले आणि दुसरा महिनाभरात परत येई. रिमोल्डिंगवाले म्हणत की माल कच्चा आहे. कारखान्याचे विक्री अधिकारी म्हणत की बफिंग नीट झालेले नाही किंवा चेंबरचा दाब कमी पडला. दोन्ही आरोप पूर्ण खोटे नव्हते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

मालकांनी पहिला उपाय केला तो कंपाउंड बदलण्याचा. नैसर्गिक रबराचे प्रमाण वाढवले, अधिक बारीक कणांचा कार्बन ब्लॅक घेतला, प्रतिऑक्सिडक थोडा जास्त घातला. किलोमागे खर्च वाढला, तक्रारी मात्र होत्या तिथेच राहिल्या. आपल्याकडच्या रबर उद्योगात नुस्ख्यावर फार श्रद्धा आहे. दोष काहीही असो, आधी कंपाउंडिंगच्या वहीकडे हात जातो. याचे एक कारण असे की नुस्खा कागदावर बदलता येतो, त्यासाठी प्रेस बंद ठेवावी लागत नाही.

प्रत्यक्षात मिक्सिंग विभागाची नोंद पाहता तिथे दोष मानायला जागा नव्हती. रबर, कार्बन, झिंक ऑक्साइड, तेल वगैरे पहिल्या फेरीत आणि गंधक व प्रवेगक दुसऱ्या फेरीत कमी तापमानाला, अशी दोन टप्प्यांची शिस्त पाळली जात होती, आणि प्रत्येक बॅचचा नमुना रिओमीटरवर, म्हणजे रबर शिजताना किती घट्ट होते हे मोजणाऱ्या यंत्रावर, लावला जात होता. शिजण्याचा वेळ आणि अंतिम टॉर्क हे आकडे बॅचगणिक फारसे हलत नव्हते. कच्चा माल एकसारखा आणि पक्का माल विषम, याचा अर्थ विषमता त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी शिरत होती.

पट्टा जमिनीवर अंथरल्यावर

तपासाची सुरुवात अगदी साध्या गोष्टीने झाली. गोदामातला एक न कापलेला रोल शेडच्या फरशीवर सरळ अंथरला, त्यावर दर दहा सेंटिमीटरला खडूने खूण केली आणि प्रत्येक खुणेवर शोअर ए कठिणता मापली. बहुतेक ठिकाणी आकडे 63 ते 65 च्या दरम्यान होते. पण ठरावीक अंतरावर ते तीन-चार अंकांनी खाली येत, हातभर तसेच राहत आणि मग पुन्हा वर चढत. खडूच्या खुणांवर टेप लावून अशा दोन उतारांमधले अंतर मोजले तेव्हा ते प्रेसच्या साच्याच्या लांबीशी, म्हणजे सुमारे अडीच मीटरशी, जुळले.

कठिणता हे माप ढोबळ असते, तेव्हा केवळ त्यावर विसंबणे योग्य नव्हते. चांगल्या आणि संशयित भागांतून लहान चौकोनी तुकडे कापून ते टोल्युइनमध्ये दोन दिवस भिजत ठेवले. शिजलेल्या रबराच्या साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे ते द्रावकात फुगते पण विरघळत नाही. बंध जितके कमी तितके फुगणे जास्त. संशयित भागाचे तुकडे शेजारच्या तुकड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक फुगले. या चाचणीला तराजू, काचेच्या बरण्या आणि धीर यांखेरीज काही लागत नाही, आणि तरीही ती फार थोडे कारखाने करतात.

इथे तक्रारींच्या अनियमितपणाचा उलगडा झाला. दहा मीटरचा पट्टा अडीच मीटरच्या साच्यात चार टप्प्यांत शिजवला जात होता, त्यामुळे प्रत्येक रोलवर ठरावीक अंतराने एक कमकुवत भाग पडत होता. 10.00-20 मापाच्या बफिंग केलेल्या टायरचा परीघ सुमारे 3.2 मीटर असतो, म्हणजे अशा प्रत्येक टायरवर किमान एक कमकुवत भाग चढतच होता. तो सांध्यापासून दूर पडला तर निभावून जाई. नेमका सांध्यालगत आला तर तिथे आधीच ताण असल्याने सांधा उघडे. आणि लग नक्षीच्या, म्हणजे आडव्या खाचांच्या नक्षीच्या, मोठ्या गुट्ट्यांवर आला तर दगडावर चढताना त्या तुटत. रिमोल्डिंगवाल्याने पट्टा कुठून कापला यावर टायरचे नशीब ठरत होते.

प्रेसमध्ये काय घडत होते

प्रेस वाफेवर चालणारी, जुनी, पण यांत्रिक दृष्ट्या चांगली होती. नियंत्रण होते ते वाफेच्या दाबावर: दाबमापकावर साधारण 3.8 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसले की साचा 150 अंशांवर आहे असे मानले जाई. संतृप्त वाफेसाठी हे गणित बरोबर आहे. अट एवढीच की प्लेटच्या आतल्या वाटांमध्ये फक्त वाफ असली पाहिजे. वाफ थंड होऊन झालेले पाणी तिथे साचले, किंवा प्रेस सुरू करताना आत राहिलेली हवा बाहेर काढली गेली नाही, तर दाबमापक तोच आकडा दाखवत राहतो आणि प्लेटचा तो भाग मात्र थंड पडतो. या प्रेसमध्ये सर्व प्लेटांचे पाणी एकाच सामाईक स्टीम ट्रॅपमधून, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेतून, बाहेर पडत होते. जिथून वाफ आत येई त्या टोकाला तापमान ठीक होते, दूरच्या टोकाला ते आठ ते दहा अंशांनी कमी होते.

आठ-दहा अंश हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण रबराच्या बाबतीत तापमान इतके उतरले की शिजण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे वीस मिनिटांच्या आवर्तनात एका टोकाला वीस मिनिटांचे काम होत असेल, तर दुसऱ्या टोकाला दहा-अकरा मिनिटांचेच होत होते. त्यातही रबर उष्णतेचे अत्यंत मंद वाहक. पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता दीड-दोनशे पटीने कमी. पट्ट्याच्या खांद्याकडचा जाड भाग आतून तापायला वेळ घेतो आणि साच्यालगतचा पृष्ठभाग त्याआधीच शिजून बसतो. वरून चकचकीत, नक्षी सुबक, आणि आतला गाभा अर्धा कच्चा, असा पट्टा त्या टोकाकडून बाहेर पडत होता.

प्रेसवर काम करणाऱ्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. एक जुने चालक विचारल्यावर लगेच म्हणाले, “साहेब, ते टोक कायमच मागं राहतं. म्हणून तर आम्ही दोन मिनिटं वाढवून ठेवतो.” ही दोन मिनिटे कागदावर कुठेच नव्हती. त्यांनी दूरचे टोक पूर्ण सुधारत नव्हते, पण गरम टोकाकडचा माल मात्र गरजेपेक्षा जास्त शिजत होता. नैसर्गिक रबर अधिक काळ तापले की त्यातले गंधकाचे बंध पुन्हा सुटू लागतात आणि माल सैल पडतो. नव्या नुस्ख्यात नैसर्गिक रबर वाढवल्यामुळे हा धोका उलट वाढला होता.

तिसरी अडचण टप्प्यांच्या जोडाची होती. एक टप्पा शिजत असताना साच्याबाहेर राहिलेला कच्चा पट्टाही साच्याच्या कडेच्या उष्णतेने वीतभर अंतरापर्यंत तापत होता. तो अर्धवट शिजे, आणि पुढच्या टप्प्यात साच्यात आला की नीट वाहत नसे, त्यामुळे तिथली नक्षी किंचित बोथट उमटे आणि आडवी बारीक रेघ दिसे. शिवाय पट्टा पुढे सरकवताना मागच्या टप्प्याचा काही भाग पुन्हा साच्यात घ्यावाच लागतो; तो भाग दोनदा शिजत होता. म्हणजे जोडाच्या एका बाजूला कमी शिजलेला आणि दुसऱ्या बाजूला जास्त शिजलेला माल शेजारीशेजारी बसत होता. ती आडवी रेघ गुणवत्ता विभागाला माहीत होती, पण ‘दिसण्यातला दोष’ म्हणून ती सोडून दिली जाई.

केलेले बदल

दहा मीटर लांबीची अखंड प्रेस घेणे हा सर्वांत सरळ उपाय होता, पण तेवढी भांडवली गुंतवणूक शक्य नव्हती. वाफेऐवजी थर्मिक फ्लुइडवर, म्हणजे तापवून फिरवलेल्या तेलावर, जाण्याचाही विचार झाला. त्यात प्लेटचे तापमान अधिक समान राहते, पण नवी हीटर, नवे पाइप आणि तेलगळतीतून आगीचा धोका हे सगळे ओघाने येते. शेवटी होती तीच प्रेस सुधारायची असे ठरले.

प्रत्येक प्लेटला स्वतंत्र स्टीम ट्रॅप बसवला, प्रेस सुरू करताना हवा बाहेर काढण्यासाठी झडपा दिल्या, आणि पाणी साचू नये म्हणून परतीच्या पाइपांना उतार दिला. प्लेटच्या लांबीवर अनेक ठिकाणी लहान छिद्रे पाडून तापमान मोजणारे थर्मोकपल बसवले आणि दाबाऐवजी तापमानावरून प्रेस चालवायला सुरुवात झाली. साच्याच्या दोन्ही टोकांना थंड पाणी फिरवणाऱ्या वाटा कोरल्या. लांब कन्व्हेअर बेल्ट टप्प्याटप्प्याने शिजवणाऱ्या कारखान्यांत ही पद्धत जुनी आहे: साच्याचे शेवटचे टोक मुद्दाम थंड ठेवायचे, म्हणजे तिथला माल कच्चाच राहतो आणि पुढच्या टप्प्यात साच्याच्या गरम भागात आला की पहिल्यांदाच पूर्ण शिजतो. पट्टा किती सरकवायचा याच्या खुणा प्रेसच्या चौकटीवर कायमच्या कोरून ठेवल्या, कारण आधी तो अंदाजाने ओढला जाई.

आवर्तनाचा वेळ ठरवण्यासाठी कच्च्या पट्ट्याच्या सर्वांत जाड भागात, अगदी मध्यभागी, बारीक थर्मोकपलची तार घालून काही पट्टे शिजवले आणि तिथले तापमान मिनिटागणिक नोंदवले. हे पट्टे अर्थातच वाया गेले. पण गाभा किती वेळ किती तापतो हे कळल्यावर रिओमीटरच्या वक्राशी त्याची सांगड घालता आली आणि नक्षीगणिक वेगळा वेळ ठरला. रिब नक्षीच्या, म्हणजे लांबीच्या दिशेने सलग पट्ट्या असलेल्या नक्षीच्या, पातळ पट्ट्याला आणि लग नक्षीच्या जाड पट्ट्याला एकच वेळ देण्याची जुनी प्रथा बंद झाली. वेळ ठरवताना पट्टा शंभर टक्के शिजवायचा नाही हेही ध्यानात घ्यावे लागले, कारण रिमोल्डिंगवाल्याच्या चेंबरमध्ये तो पुन्हा कित्येक तास तापणार असतो.

लांबीचे गणित

प्रेस सुधारल्यावर गुट्ट्या तुटण्याच्या तक्रारी उतरल्या, पण सांधा उघडण्याच्या तक्रारी अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत. माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग इथून पुढे आहे.

सपाट शिजवलेला पट्टा गोल केसिंगवर गुंडाळला की त्याचा तळ आणि माथा यांच्या परिघात फरक पडतो. पट्टा 18 मिलिमीटर जाड असेल तर हा फरक टायरच्या मापावर अवलंबून न राहता 113 मिलिमीटर येतो. 3.2 मीटर परिघावर तो साडेतीन टक्के होतो. म्हणजे पट्ट्याचा तळ न ताणता चिकटवला तरी माथ्याला साडेतीन टक्के ताणावेच लागते. पट्ट्याच्या मध्यावर हा ताण शेजारच्या रबराने तोलला जातो, पण कापलेल्या टोकापाशी माथ्याला धरून ठेवायला काहीच नसते, त्यामुळे टोके वरून मागे सरकतात आणि सांध्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट पडते. रिब नक्षीत हे अधिक जाणवते, कारण तिच्या अखंड पट्ट्या सलग ताणल्या जातात. लग नक्षीत आडव्या खाचा थोड्या उघडून ताण सामावून घेतात. रिमोल्डिंगवाले सांध्यावर पिना मारून तो धरून ठेवतात आणि कुशन गम फटीत दाबतात, त्याने काम भागते. पण या अटळ ताणात आणखी भर पडली तर भागत नाही, आणि कारखाना नेमकी ती भर घालत होता.

प्रेसमधून निघालेला पट्टा 150 अंशांच्या आसपास असतो. थंड होताना तो लांबीत दीड ते दोन टक्के आकसतो. दहा मीटरवर ही घट पंधरा-वीस सेंटिमीटर भरते. कारखान्यात मात्र पट्टा गरम असतानाच मोटरच्या ड्रमवर ओढून गुंडाळला जात होता. ओढीखाली थंड झालेला पट्टा आपली पूर्ण घट घेऊ शकत नसे. ती राहिलेली घट तो पुढे घेई: काही गोदामात, काही रिमोल्डिंगवाल्याच्या टेबलावर आणि उरलेली चेंबरच्या उष्णतेत, म्हणजे टायरवर चढल्यानंतर. अर्धा टक्का घट शिल्लक राहिली तरी 3.2 मीटरवर ती सोळा मिलिमीटर होते, आणि ती सगळी सांध्यावर येऊन पडते.

त्यात नक्षीच्या पुनरावृत्तीचा प्रश्न मिसळला होता. नक्षीचा एक घटक समजा साठ मिलिमीटरचा असेल, तर टायरचा परीघ त्याच्या पटीत येईलच असे नाही. सांध्यावर अर्धी गुट्टी दिसू नये म्हणून रिमोल्डिंगवाला पट्टा थोडा ताणतो. कागदावर साठ असलेला घटक कधी 59 आणि कधी 60 मिळत असेल, तर त्याला किती ताणावे याचा अंदाज राहत नाही, आणि ताणलेला पट्टा रुंदीला किंचित कमी होऊन खांद्याजवळची कडही उघडी पडते. कड उचलण्याच्या तक्रारींचा एक मोठा भाग असा लांबीच्या घोळातून आलेला होता. रिमोल्डिंगवाल्याच्या बफिंगला त्याचा दोष देणे अन्यायाचे होते.

उपाय खर्चिक नव्हते. प्रेसनंतर मोकळ्या रोलर कन्व्हेअरवर पट्टा ओढ न देता थंड होऊ देणे, दुसऱ्या दिवसापर्यंत तो सैल ठेवणे, त्यानंतरच तळाचे बफिंग आणि लांबीची खूण करणे, आणि गुंडाळताना नक्षी बाहेर ठेवून ड्रमचा व्यास मोठा घेणे, एवढेच करायचे होते. अडचण जागेची आली. शेडमध्ये एक दिवसाचा माल पसरून ठेवायला जागा नव्हती, म्हणून कन्व्हेअर मजल्यांचे करावे लागले. गोदाम विभागाने यावर बरीच कुरकुर केली, आणि ती रास्तही होती.

किलोचा भाव

कच्चा पट्टा एक्स्ट्रुडरमधून काढताना डायमधून बाहेर पडणारे रबर फुगते आणि मग आकसते, त्यामुळे त्याचे मीटरमागे वजन सतत तपासावे लागते. माल कमी पडून नक्षी अर्धवट राहण्यापेक्षा चार चमचे जास्त बरे, या हिशेबाने तो नेहमी थोडा जादा दिला जाई. जादा माल साच्याच्या कडांतून फ्लॅश होऊन बाहेर येतो, पण सगळा येत नाही. साचा पूर्ण मिटत नाही आणि नक्षीखालचा तळथर ठरल्यापेक्षा जाड होतो. दोन-तीन मिलिमीटरच्या तळथरात एका मिलिमीटरची वाढ म्हणजे धावताना जास्त उष्णता, जास्त वजन आणि गुंडाळताना जास्त ताण. झिजेसाठी त्याचा उपयोग शून्य.

तरीही हा जादा माल कमी करायला कोणी उत्सुक नव्हते, कारण ट्रेड रबर किलोच्या भावाने विकले जाते. पट्टा जड झाला तर कारखान्याचे बिल वाढते, आणि जड पट्टा म्हणजे चांगला पट्टा अशी अनेक छोट्या रिमोल्डिंगवाल्यांचीही समजूत आहे. राज्य परिवहन महामंडळांसारखे मोठे वाहतूकदार ठरलेल्या विनिर्देशांनुसार खरेदी करतात आणि किलोमीटरमागे पडणारा खर्च पाहतात. आपल्या एसटीचे तर स्वतःचे टायर पुनःस्तरण प्रकल्प आहेत. पण एका चेंबरवर चालणाऱ्या शेडवाल्याकडे ना प्रयोगशाळा असते ना किलोमीटरच्या नोंदी. एक्स्ट्रुडरच्या पुढे सलग वजनकाटा बसवून त्याच्या आकड्यावरून पट्ट्याचा वेग आपोआप कमी-जास्त करण्याची सोय तांत्रिक दृष्ट्या सोपी निघाली; विक्री विभागाला पटवणे त्याहून कितीतरी अवघड होते. शेवटी टायरच्या मापानुसार कापलेले, लांबी आणि रुंदी छापलेले पट्टे नगावर विकण्याची एक वेगळी श्रेणी सुरू केली आणि किलोचा व्यवहार जुन्या ग्राहकांसाठी तसाच ठेवला.

तळाची बाजू

पट्ट्याच्या तळावर साच्याच्या वंगणाचा अंश आणि शिजलेल्या रबराची गुळगुळीत कातडी असते. कुशन गम तिला धरत नाही. म्हणून तळ कारखान्यातच खरखरीत करतात, त्यावर सोल्युशन मारतात आणि पॉलिथिन चढवतात. या कारखान्यात बफिंग आणि सोल्युशन यांच्यामध्ये कधी तास जाई, तर कधी पाळी बदलल्यामुळे रात्र. ताज्या घासलेल्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया लगेच सुरू होते, मेण आणि गंधक हळूहळू वर येतात, धूळ बसते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडे: सोल्युशनमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर अदृश्यपणे धरते. त्यावर लगेच पॉलिथिन बसले की ओल आतच अडकते. दोन्ही यंत्रे एकाच ओळीत आणून मध्ये कोमट हवेचा छोटा बोगदा ठेवल्यावर हा प्रश्न मिटला. याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. असा बदल पहिल्याच वर्षी व्हायला हवा होता.

परिणाम आणि उरलेला प्रश्न

बदल एकामागून एक झाले, त्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला हे वेगळे काढून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अंथरलेल्या पट्ट्यावरच्या कठिणतेच्या आकड्यांतून अडीच मीटरचा तो ठरावीक उतार नाहीसा झाला, ही गोष्ट मोजून सिद्ध झाली. पुढच्या गाळप हंगामात गुट्ट्या तुटलेले टायर तुरळक आले, सांध्याच्या तक्रारी घटल्या, आणि आलेल्या तक्रारींत रिमोल्डिंगवाल्याकडची कारणे, म्हणजे नीट न बसलेला एन्व्हलप किंवा केसिंगवरचा राहिलेला गंज लागलेला तारेचा भाग, स्पष्टपणे वेगळी दिसू लागली. प्रत्येक पट्ट्यावर प्रेस, पाळी आणि टप्पा यांचा सांकेतिक क्रमांक उमटवला जात असल्यामुळे परत आलेल्या टायरचा माग प्रेसपर्यंत काढता येऊ लागला. मालकांनी जुना, स्वस्त नुस्खा परत आणला; त्याने काही बिघडले नाही.

सपाट पट्ट्याचा साडेतीन टक्के ताण मात्र तसाच आहे, आणि सपाट साचा आहे तोवर तो राहणार. इटलीच्या मारांगोनी कंपनीने वलयाच्या आकारातच शिजवलेला, सांधा नसलेला ट्रेड रिंगट्रेड या नावाने आणून हा प्रश्न मुळापासून सोडवला. त्यात गुंडाळणे नाही, पिना नाहीत, माथ्याचा ताण नाही. पण वलय टायरच्या व्यासाशी जुळावे लागते, म्हणजे प्रत्येक मापासाठी आणि नक्षीसाठी वेगळा साचा आणि वेगळा साठा. रोल कापून कोणताही टायर भागवण्याची सोय जाते. शिवाय वलय ताणून केसिंगवर चढवणारे यंत्र रिमोल्डिंगवाल्याकडेही असावे लागते. बायस, रेडियल, नवी-जुनी अशी दहा प्रकारची केसिंगे एकाच शेडमध्ये येतात अशा बाजारात हे गणित आज बसत नाही, असा निष्कर्ष कारखान्याने काढला आणि तो मला बरोबर वाटतो. मधला मार्ग म्हणून तळ किंचित वक्र असलेल्या आणि खांद्यावरून खाली उतरणाऱ्या कडांच्या पट्ट्याचा एक साचा रेडियल टायरसाठी बनवायला दिला आहे. त्याने आडव्या दिशेने पट्टा केसिंगवर चांगला बसेल आणि कड उचलण्याचा धोका आणखी कमी होईल. लांबीच्या दिशेचा ताण त्याने जाणार नाही. त्या साच्याची टोके पाण्याने थंड ठेवण्याची सोय मात्र या वेळी नकाशातच काढून दिलेली आहे.